सोरा एर्सिलियाचे मुडदे

रोमच्या क्वाद्रारो भागातल्या त्या पाच मजली इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि सोरा एर्सिलियाच्या कलेचं मूळ नेमकं तिथेच होतं. लिफ्ट असती तर माणसं मुकाट्याने वर गेली असती. जिना होता म्हणून ती कण्हत जायची. तळमजल्यावर काचेच्या दाराआड बसून, टपाल वेगळं करता करता, शेंगा सोलता सोलता, सोरा एर्सिलिया सव्वीस वर्षं ते कण्हणं ऐकत आली होती. ती त्या इमारतीची रखवालदारीण; ‘सोरा’ म्हणजे रोमच्या बोलीत बाई. कोण आलं हे बघायला तिला मान वर करावी लागत नसे.

दुसऱ्या मजल्यावरचा खाटीक तेरेंत्सियो दर पायरीला पोटातून ‘हंऽ’ करायचा, पायरीने मुद्दाम खोडी काढल्यासारखा. पहिल्या मजल्यावरची विधवा मारांगोनीबाई चार पायऱ्या चढून पाचव्या पायरीवर सगळ्या संतांना एका सुस्काऱ्यात गोळा करायच्या. चौथ्या मजल्यावरचे अकाउंटंट ओरेस्ते बोनाफाच्चा तोंड मिटून नाकातून कण्हायचे. तो बारीक, तक्रारखोर आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचला की थोडा चढायचा, कारण तिथून पुढे आपण अजून चौथ्यावर पोचलो नाही याचा त्यांना राग यायचा. आणि तिचा नवरा नाझारेनो, जो सहा वर्षांपूर्वी गेला, तो तर जिना न चढताच कण्हायचा. काचेच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीतून उठताना त्याचे दोन आवाज निघत. पहिल्यात तो उठायला नकार द्यायचा, दुसऱ्यात कबूल व्हायचा.

आता या सगळ्याचा सिनेमाशी संबंध कसा आला ते सांगायला हवं. इमारतीच्या तळघरात, जिथे पूर्वी कोळसा ठेवत, तिथे ग्वाल्तिएरो पिंची नावाच्या माणसाने डबिंगची खोली थाटली होती. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, एक पडदा, एक माईक, कुठल्यातरी बंद पडलेल्या शाळेतून आणलेल्या तीस खुर्च्या. पिंची स्वतः सिनेमे काढी, स्वतः कापी, स्वतः जोडी. पोस्टरवर मात्र नाव ‘वॉल्टर पिंच’. तो म्हणे, पलीकडच्या गल्लीतल्या ग्वाल्तिएरोला लोक घाबरत नाहीत, अमेरिकेतल्या वॉल्टरला घाबरतात. नव्वद मिनिटांचा मुडद्यांचा सिनेमा तो तीन आठवड्यांत उरकायचा. गोष्ट घडायची दूरच्या कुठल्यातरी बेटावर, आणि ते बेट म्हणजे समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक रोपवाटिका. ताडाच्या झाडांच्या कुंड्या दिसू नयेत म्हणून कॅमेरा कमरेच्या वर ठेवत. तरी दोनदा कुंडी दिसायचीच.

मुडदे एकूण अकरा. निवृत्त ट्राम-कंडक्टर, काम नसलेले गवंडी, पिंचीचा एक मेव्हणा. ते डावीकडून लटपटत येत, कॅमेऱ्यामागून पळत जात, कोट बदलत आणि पुन्हा डावीकडून लटपटत येत. असं चार वेळा केलं की प्रेक्षकाला अख्खी दफनभूमी उठल्यासारखी वाटायची. आतडी तेरेंत्सियोच्या दुकानातून जात. आणि आपल्याकडे इटलीत सिनेमा मुका काढून आवाज मागाहून चिकटवायची पद्धत, त्यामुळे काम चालू असताना कुणी कुणाला गप्प बसवत नसे. मुडदे आपसांत गप्पा मारत चालत. रविवारच्या मॅचबद्दल बोलत, बायकोबद्दल बोलत, जेवण कधी मिळणार याबद्दल तर हटकून बोलत. पडद्यावर नीट बघितलं तर अर्ध्या कुजलेल्या जबड्यातून एक माणूस शेवयांचं काहीतरी सांगतोय हे स्वच्छ दिसायचं.

ऐंशी सालच्या हिवाळ्यात डबिंगवाल्यांनी संप केला. पिंचीला दहा दिवसांत सिनेमा वितरकाच्या हवाली करायचा होता, आणि त्याचे मुडदे मुके होते. तो स्वतः कण्हून बघत होता, पण त्याचा आवाज बारीक, मुडद्याला सर्दी झाल्यासारखं वाटे. अशा एका दुपारी सोरा एर्सिलिया त्याचं रजिस्टर टपाल घेऊन तळघराच्या चौदा पायऱ्या उतरली. तिचे गुडघे चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखत. शेवटच्या पायरीवर तिच्या तोंडून जे निघालं ते ऐकून पिंचीने डोकं वर केलं.

“सोरा एर्सिलिया, पुन्हा वर जा आणि पुन्हा खाली या.”

तिला वाटलं, संपाने बिचाऱ्याचं डोकं फिरलं. माणूस भाडं वेळेवर देणारा, म्हणून ती गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा माईकचा लाल दिवा लागलेला होता.

मग त्याने तिला पडद्यासमोर उभं केलं. समोर मेणाचा गाल लावलेला एक आडदांड मुडदा तोंड उघडत होता. ती म्हणाली, हा तर जेवायचं विचारतोय. पिंची म्हणाला, विचारू दे, तुम्ही कण्हा. तिने स्वतःचं कण्हणं दिलं, ते जमेना. एवढ्या मोठ्या देहातून म्हातारीचे गुडघे कसे बोलतील? मग तिने पोटातून ‘हंऽ’ केलं. पिंचीने रीळ मागे फिरवून पुन्हा ऐकलं.

“हा कुठून आणलात?”

“दुसऱ्या मजल्यावरून,” सोरा एर्सिलिया म्हणाली.

त्या दिवसापासून रोज दुपारी, काचेची खोली बंद असायची त्या वेळात, ती तळघरात जायची आणि अख्खा जिना मुडद्यांना वाटून द्यायची. मारांगोनीबाईंचा सुस्कारा एका मुंडकं नसलेल्या मुडद्याला गेला. मुंडकं नाही तर आवाज कुठून येणार, असं तिने विचारलं होतं, पण पिंची म्हणाला की लोक तेवढं बघत नाहीत. मुडद्यांचा जो म्होरक्या होता, टकला, गळ्यात टाय, सगळ्यांच्या पुढे चालणारा, त्याला तिने बोनाफाच्चांचं नाक दिलं. यात थोडा सूड होता हे कबूल केलं पाहिजे. बोनाफाच्चांनी दोन वर्षं बाहेरच्या दारावर इंटरकॉम हवा असा जप लावला होता. बटण आजारी पडत नाही, बटण गावाला जात नाही, बटण कुणाकडे कोण आलं हे सगळ्या आळीला सांगत नाही, असं ते जिन्यात थांबवून थांबवून लोकांना सांगत, आणि सोरा एर्सिलियाला ऐकू जाईल अशा बेताने सांगत. इंटरकॉम आला की तिचं काम गेलं, आणि कामाबरोबर काचेमागची ती खोली आणि स्वयंपाकघरही गेलं. मग वितेर्बोला बहिणीकडे जायचं. बहीण चांगली होती, पण दिवसभर फक्त सूपबद्दल बोलायची.

नाझारेनोचे दोन आवाज तिने एकाच मुडद्याला दिले. तो जमीन फोडून वर येत होता. आधी हात, मग खांदे, मग मातीने माखलेलं तोंड. पिंचीने सांगितलं की इथे काहीतरी भयंकर हवं. तिने खुर्चीतून उठणारा नाझारेनो दिला. आधी नकार, मग कबुली. पिंचीने दिवा बंद केला आणि तिला कॉफी करून दिली.

तिला हे सिनेमे आवडत, आणि का आवडत हे तिला नीट ठाऊक होतं. पाद्रीबाबा दर नोव्हेंबरात सांगत की नाझारेनो आता शांतीत आहे. ती मान डोलवायची, पण मनात म्हणायची, शांतीत असलेला माणूस नाझारेनो कसा असेल? तक्रार नाही, भूक नाही, पाठ धरलेली नाही, तर तो दुसराच कुणीतरी. पिंचीचे मुडदे मात्र वैतागलेले परत येत, उपाशी येत, आणि दार उघडेपर्यंत दारावर हात मारत राहत. असं परत येणं तिला पटायचं.

सिनेमा मोठ्या थिएटरांतून एक आठवडा चालला, मग उपनगरांतून फिरला, आणि ऑक्टोबरात, रिळावर हातभर ओरखडे घेऊन, क्वाद्रारोच्या ‘ऑरोरा’ थिएटरात आला. त्याच आठवड्यात इमारतीच्या सभेची नोटीस लागली. विषय पहिला, रखवालदारणीचं पद बंद करून इंटरकॉम बसवणे. विषय दुसरा, मोकळ्या होणाऱ्या खोलीत बाबागाड्या आणि सायकली ठेवणे. नोटीस लावायचं काम रखवालदारणीचं. तिने चार टाचण्यांनी ती सरळ लावली, आणि मग कोपऱ्यात थोडी वाकडी दिसली म्हणून काढून पुन्हा लावली.

सभा गुरुवारी आणि सिनेमा त्याआधीच्या रविवारी. इमारतीतली माणसं आपापलं कण्हणं ओळखतील आणि गुरुवारी तिचं काम तमाम होईल, एवढं तिला दिसत होतं. तिने लोकांना सांगून बघितलं की सिनेमा अगदीच टुकार आहे. हे सांगणं म्हणजे ऑरोराची जाहिरात झाली. वर तेरेंत्सियोने दुकानावर पाटी लावली की या सिनेमातली आतडी इथली आहेत. रविवारी चार वाजता अर्धी इमारत ऑरोरात होती, आणि सोरा एर्सिलिया शेवटच्या रांगेत, डोक्याला रुमाल बांधून.

ऑरोरा म्हणजे काय होतं हे आता कळणार नाही, कारण आता तिथे फरशांचं दुकान आहे. खारवलेल्या भोपळ्याच्या बियांच्या साली पायाखाली कुरकुरायच्या. सिगारेटचा धूर इतका की मध्यंतरात छत सरकवून तो वर सोडावा लागे. मोठ्या खर्चाच्या सिनेमाला माणूस गप्प बसायला जातो आणि बाहेर आल्यावर शहाण्यासारखा बोलतो. पिंचीच्या सिनेमाला माणूस बोलायलाच जायचा. नायिका तळघराचं दार उघडायला निघाली की तिला सत्तर माणसं सल्ला द्यायची. ती ऐकायची नाही, मग तिच्या आईबापांच्या संगोपनावर चर्चा व्हायची. कुंडी दिसली की टाळ्या. तोच मुडदा दुसऱ्या कोटात आला की त्याला नावाने हाक, कारण तो ट्रामवर तिकिटं फाडायचा हे सगळ्यांना माहीत. भीती वाटायचीच, पण ती सगळ्यांत वाटलेली, बियांच्या पुडीसारखी रांगेतून हातोहात फिरणारी. शिवाय मुडदा हळू चालतो. सत्तरीच्या, सांधे धरलेल्या माणसालाही ऑरोराच्या खुर्चीत बसून खात्री वाटायची की आपण याच्या हाती सापडलो नसतो. उरलेला आठवडाभर त्या माणसाला असं वाटायला लावणारी जागा अख्ख्या रोममध्ये दुसरी नव्हती.

पहिला ओळखू आला तो तेरेंत्सियोच. आडदांड मुडद्याने ‘हंऽ’ केलं आणि चौथ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “तेरेंत्सियो, आतडीही तुझी आणि आवाजही तुझाच की.” तेरेंत्सियोने उभं राहून वाकून नमस्कार केला. मग मारांगोनीबाईंनी आपला सुस्कारा ओळखला आणि मुंडकं कुठे गेलं म्हणून विचारायला लागल्या. त्यानंतर टायवाला म्होरक्या खिडकीशी आला, त्याने काचेला तोंड लावलं आणि नाकातून तो बारीक, तक्रारखोर आवाज काढला.

“ओरेस्ते,” बोनाफाच्चांची बायको इओले मोठ्याने म्हणाली, “हा तर तू. चष्मा सापडत नाही तेव्हाचा.”

ऑरोरा हसलं. पुढच्या रांगांतल्या लोकांना ओरेस्ते कोण हे ठाऊक नव्हतं, तेही हसले. सोरा एर्सिलियाने रुमाल आणखी पुढे ओढला. बोनाफाच्चांचे कान मागून दिसत होते, आणि ते लाल होते.

मग जमीन फुटली. हात आला, खांदे आले, आणि नाझारेनो उठला. नकार, आणि मग कबुली. इमारतीच्या रांगांतून बियांचं कुरकुरणं थांबलं. नाझारेनो होता तोवर यांच्यातल्या प्रत्येकाने तुंबलेला नळ घेऊन, अडकलेली किल्ली घेऊन त्या काचेवर टकटक केलेली, आणि आतून आधी हाच आवाज यायचा, मग माणूस. तेरेंत्सियोने टोपी काढली. इओले बोनाफाच्चाने छातीवर क्रूस काढला, समोर मुडदा एकाचा कान खात असताना. आणि शेवटच्या रांगेत सोरा एर्सिलियाला रडू आलं. ती मनसोक्त रडली, कारण बाकीच्या ऑरोरात आरडाओरडा इतका होता की कुणाला कळायची सोय नव्हती.

दिवे लागले तेव्हा बोनाफाच्चा मागे वळून तिच्याकडे बघत होते. माणूस आयुष्यभर आकडे जुळवत आलेला. एवढं जुळवणं त्यांना जड नव्हतं.

गुरुवारची सभा पिंचीच्या तळघरात भरली, कारण तीस खुर्च्या फक्त तिथे होत्या. आपल्याकडे इटलीत इमारतीच्या सभेत मत माणसाचं नसतं, घराचं असतं. इमारतीचे हजार भाग धरतात, ज्याचं घर मोठं त्याचे भाग जास्त, आणि मोजतात ते भाग. रखवालदारणीचा त्यात एकही भाग नाही. तिने फक्त सभा संपेपर्यंत किल्ली घेऊन दाराशी बसायचं. सोरा एर्सिलिया बसली, हात मांडीवर ठेवून. वितेर्बोला पत्र टाकायचं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बोनाफाच्चा उठले. ते म्हणाले की सव्वीस वर्षं या बाईंनी आपलं कण्हणं चोरून ऐकलं आणि आता ते तिकीट लावून विकलं. जिन्यात माणसाला कण्हायचीही चोरी व्हावी, ही वेळ आली. मुद्दा बिनतोड होता. पण तेरेंत्सियो म्हणाला की त्याची काही तक्रार नाही, दुकानात गिऱ्हाइकं आता त्याला कण्हून दाखव म्हणतात आणि मग किलोभर जास्त नेतात. मारांगोनीबाई म्हणाल्या की त्यांची तक्रार आहे, पण ती मुंडक्याबद्दल आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणींत आपला आवाज कुठला यावरून जुंपली. गोंधळ वाढत गेला आणि त्यात बोनाफाच्चांच्या तोंडून मनातलं निसटलं.

“आणि म्होरक्या मी, तर मला चाळिसाव्या मिनिटाला फावड्याने का मारलं? हा खाटीक शेवटपर्यंत चालतोय.”

सगळे हसले, इओले सगळ्यात जास्त. पण हसणं वेगळं आणि भाग वेगळे. मोजणी झाली तेव्हा इंटरकॉमच्या बाजूने चारशे अडुसष्ट भाग होते आणि विरोधात चारशे एक्कावन्न. उरलेले एक्क्याऐंशी सिन्योरा देल्फिना साल्लुस्तींचे.

सिन्योरा देल्फिना पाचव्या मजल्यावर राहत. वय शहात्तर, मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं व्यायामशिक्षिका, पाठ अजून फळ्यासारखी सरळ. त्या सभेला कधी येत नसत, आपलं मत लिहून बोनाफाच्चांकडे पाठवत. आज हातमोजे घालून स्वतः आल्या होत्या. त्यांनी खुर्ची वळवून दाराकडे तोंड केलं.

“सोरा एर्सिलिया, रविवारी मीही गेले होते. दीड तास कान देऊन बसले. हे सगळे होते. मी कुठे होते?”

“तुम्ही नव्हतात, सिन्योरा.”

“का?”

आता खरी गोष्ट अशी होती. तीन वर्षांपूर्वी, अकरा वाजता, सोरा एर्सिलिया चौथ्या मजल्याच्या पायऱ्या झाडत असताना तिने खाली वाकून बघितलं होतं. सिन्योरा देल्फिना बाजारातून येऊन तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभ्या होत्या. पिशवी आवाज न करता खाली ठेवलेली, एका हाताने कठडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताने रुमाल तोंडात दाबलेला. अर्धी जपमाळ होईल इतका वेळ त्या तशा होत्या. मग त्यांनी रुमाल घडी करून ठेवला, पाठ सरळ केली आणि ज्या पावलांनी चाळीस वर्षं मुलींना चालायला शिकवलं त्या पावलांनी वर आल्या. तोवर सोरा एर्सिलिया केरसुणी घेऊन गच्चीच्या दाराआड गेली होती. पिंचीने तिच्याकडे एका उंच, सडपातळ मुडदीचा आवाज मागितला तेव्हा तिने सांगितलं होतं की असा आवाज आपल्याकडे नाही.

तिने हे आता सांगितलं असतं तर तीस माणसांना एका क्षणात कळलं असतं की काचेमागे बसलेली बाई कशासाठी असते. बटण कुणाला असं बघत नाही. वाक्य तिच्या अगदी ओठांवर होतं, आणि वितेर्बोचं सूप डोळ्यांसमोर. तिने ते वाक्य गिळलं.

“तुमचा आवाज मला कधी आलाच नाही, सिन्योरा. तुम्ही चढता ते जिन्यालासुद्धा कळत नाही.”

तेरेंत्सियो म्हणाला की बरोबर आहे, बाई व्यायामाच्या, आपल्यासारख्या पोटाच्या नव्हेत. लोक पुन्हा हसले. सिन्योरा देल्फिना हसल्या नाहीत. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

“तुम्ही पूर्वी अकरा वाजता जिना झाडायचात.”

“हो. आता दहाला झाडते.”

“कधीपासून?”

“झाली तीन वर्षं, सिन्योरा.”

खोलीतल्या बाकीच्यांना वाटलं, म्हाताऱ्या बायका केरसुणीचं काय काढून बसल्या. सिन्योरा देल्फिनांनी हातमोज्याचं एक बोट नीट केलं, मग दुसरं. मग खुर्ची पुन्हा पुढे वळवली.

“एक्क्याऐंशी भाग,” त्या म्हणाल्या. “इंटरकॉमच्या विरोधात.”

बोनाफाच्चांनी वहीवरून मान वर केली. दर वेळी यांचं मत त्यांच्या खिशात असे. त्यांनी विचारलं की कारण काय लिहायचं.

“कारण लिहू नका.”

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सोरा एर्सिलिया काचेमागे बसून आर्टिचोक सोलत होती. सिन्योरा देल्फिना बाजारातून आल्या, नेहमीसारखी मान हलवून वर गेल्या. पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर पावलं थांबली आणि नेहमीची ती शांतता सुरू झाली. सोरा एर्सिलियाने सुरी थांबवली. आणि मग वरून कण्हणं आलं. लांबलचक, पोटाच्या तळापासून निघालेलं, तीन वर्षं रुमालात दाबलेलं सगळं एकत्र घेऊन, भिंतींना घासत घासत ते पाचही मजल्यांवर फिरलं आणि तळघरात उतरलं. पिंचीने तळघराचं दार उघडून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं की हे कोण. सोरा एर्सिलिया म्हणाली, नळ असेल.

पिंचीचे आणखी तीन सिनेमे तिने कण्हले. त्यांत हे कण्हणं नाही.

त्या दुपारी तिने नाझारेनोची वेताची खुर्ची उचलली. सहा वर्षं तिच्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं, मांजरालाही नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती खुर्ची नेताना दर पायरीला ती कण्हली, स्वतःचं कण्हणं, आणि वळणावर खिडकीपाशी खुर्ची ठेवून खाली आली.

पुढच्या सभेत बोनाफाच्चांनी विचारलं की सामाईक जागेत खुर्ची कुणाच्या परवानगीने ठेवली आहे. कुणी उत्तर दिलं नाही. वहीत तशी नोंद झाली. ते स्वतः रोज संध्याकाळी घरी जाताना चष्मा पुसायच्या निमित्ताने त्या खुर्चीवर बराच वेळ टेकत, हे सोरा एर्सिलियाला खाली बसून वेताच्या आवाजावरून कळत होतं.